‘माझं सगळं गेलं!’ फाइल उडालेल्या, चिडलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

एसटीत खिडकीजवळ बसून ऐकत असाल, दुकानात गिऱ्हाईक नसताना ऐकत असाल, किंवा रेंज नाही म्हणून हा लिखित भाग वाचत असाल, सगळ्यांचं स्वागत. नेहमीप्रमाणे बोललेलंच इथं लिहून टाकलंय, फक्त बोलताना झालेली गडबड थोडी सरळ केलीय.

आजचा विषय एका फोनचा आहे. हा फोन तुम्हाला आलाही असेल, नसेल तर येईल.

“अरे काय बनवून दिलं बे तू? सगळी यादी उडाली! दोन महिन्यांचं काम गेलं! आता गावात काय तोंड दाखवू मी?”

तुम्ही सॉफ्टवेअर कंपनीत नसाल. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडे प्रत्येक गावात एक पोरगा किंवा पोरगी असतेच, जिला सगळे ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणतात. कोणी आपले सरकार सेवा केंद्र चालवतं, कोणी झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरतं, कोणी ग्रामसभेला एक्सेलची शीट बनवून देतं, कोणी कॉलेजात शिकता शिकता छोटं ॲप बनवतं. माणसाची फाइल उडाली की तो बंगळुरूला किंवा अमेरिकेला फोन करत नाही, तुम्हालाच करतो. म्हणून हा भाग तुमच्यासाठी.

समजा, असं झालं

एक उदाहरण घेऊ. हे मी रचलेलं आहे, पण यातलं काहीच तुम्हाला नवीन वाटणार नाही.

धानोरा तालुक्यातलं एक गाव. वनहक्क समितीचे सचिव, वय पन्नाशीच्या पुढं. आपण त्यांना काका म्हणू. ग्रामसभेकडे एक लॅपटॉप आहे. गडचिरोलीतल्या एका पोरानं, आपण त्याला दादा म्हणू, त्यात एक छोटं ॲप टाकून दिलंय. तेंदूपत्त्याच्या हंगामात कोणत्या घरानं रोज किती पुडके फळीवर आणले, त्याची यादी त्यात आहे. त्याच ॲपमध्ये दुसऱ्या कप्प्यात वनहक्क दाव्यांचे कागद आहेत: स्कॅन केलेल्या जुन्या पावत्या, नकाशे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे मोबाइलवर घेतलेले जबाब.

एका संध्याकाळी स्क्रीन अडकल्यासारखी वाटली. काकांनी ‘रीसेट’ दाबलं. त्यांना वाटलं, ताजं होईल. एक चौकट आली, त्यांनी ‘ठीक आहे’ दाबलं. दोन्ही कप्पे रिकामे.

आता विचार करा, काय गेलं? पुडक्यांची यादी गेली म्हणजे मजुरीचा हिशेब गेला. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात जेमतेम काही आठवड्यांचा असतो, पण त्या पैशावर कित्येक घरांचं पावसाळ्याचं बियाणं आणि पोरांच्या शाळेचा खर्च अवलंबून असतो. आणि जबाबांचं काय? वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरलेला आहे. बिगर आदिवासी वननिवाशांना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्या आजोबांचा जबाब मार्चमध्ये घेतला, ते जूनमध्ये नसतील तर?

मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. त्यामागं वर्षानुवर्षं जपलेले कागद होते. आपल्या भागात ‘फाइल’ या शब्दाचं वजन लोकांना पक्कं माहीत आहे. म्हणून काका ओरडतायत.

राग नक्की कशाचा असतो?

वरवर पाहिलं तर राग ॲपवर आहे, दादावर आहे. पण त्या आवाजात तीन गोष्टी एकत्र असतात.

पहिली, काम गेल्याचं दुःख. दुसरी, लाज. गावानं विश्वासानं कागद दिले होते, आता त्यांना काय सांगायचं? तिसरी गोष्ट सगळ्यात खोल असते. माणसाला आतून माहीत असतं की बटण आपणच दाबलं. ते इतकं टोचतं की तो ते दुसऱ्याच्या अंगावर टाकतो.

ही तिसरी गोष्ट समजली की एक वाक्य आपोआप तोंडातून गळून पडतं: “काका, बटण तर तुम्हीच दाबलं ना?” हे वाक्य शंभर टक्के खरं असेल. पण ते काकांना आधीच माहीत आहे. तुम्ही ते बोललात की त्यांना नवीन काहीच मिळालं नाही, आणि तुम्हाला मात्र एक शत्रू मिळाला. त्याहून वाईट म्हणजे ते आता खरं सांगणार नाहीत. “मी काहीच नाही केलं, आपोआप झालं,” म्हणतील. आणि नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय फाइल परत आणता येत नाही.

आजच्या भागाचं सगळं सार एवढंच: आधी फाइल, मग माणूस शांत, मग बटणाची दुरुस्ती. दोष कोणाचा, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा तोवर तो विचारायची गरजच उरत नाही.

पहिली दहा मिनिटं: हात थांबवा

घाबरलेला माणूस काय करतो? सगळी बटणं दाबून बघतो. ॲप काढून पुन्हा टाकतो. यूट्यूबवर पाहून एखादं ‘रिकव्हरी’चं सॉफ्टवेअर डाउनलोड करतो. आणि त्यातच वाचू शकली असती ती फाइल कायमची जाते.

का, ते सांगतो. साध्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट होते, तेव्हा जमीन जागेवरच असते, फक्त सातबाऱ्यावरचं नाव खोडलं जातं. संगणकाच्या दृष्टीनं ती जागा मोकळी झाली. जोपर्यंत तिथं दुसरा कोणी नांगर घालत नाही, तोपर्यंत जुनं पीक उभंच असतं. पण तुम्ही नवीन काही डाउनलोड केलं, व्हिडिओ टाकला, विंडोजचं अपडेट सुरू झालं, की नांगर फिरला.

नवीन लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. तिथं गोष्ट आणखी कडक. नाव खोडलं की थोड्याच वेळात ती यंत्रणा स्वतःच जमीन साफ करून ठेवते. त्यामुळं तिथं आशा कमी. आजकालच्या फोनच्या आतल्या मेमरीतला मजकूर कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड असतो, तिथून डिलीट झालेलं बहुतेक वेळा परत येत नाही. मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हवरचं मात्र बऱ्याचदा येऊ शकतं. एक लक्षात ठेवा, पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये सहसा जात नाही. त्यामुळं बिन रिकामी दिसली म्हणून सगळं संपलं, असं नाही.

म्हणून पहिलं उत्तर माफीचं नाही, खुलाशाचं तर नाहीच नाही. ते असं असावं:

“काका, ऐकलं मी. दोन महिन्यांचं काम आहे, मला माहीत आहे. आत्ता एकच करा. लॅपटॉपवर नवीन काही उघडू नका, काही टाकू नका. ॲप चालू असेल तर चालूच राहू द्या. मोबाइलचा हॉटस्पॉट तेवढा बंद करा. दहा मिनिटांत मी परत फोन करतो.”

हॉटस्पॉट का बंद? फोल्डर ड्राइव्हला जोडलेलं असेल, तर इथं डिलीट झालेलं तिथंही डिलीट होऊ शकतं. आणि नेट चालू असलं की अपडेट मागच्या दारानं येतं. ॲप चालू का ठेवायचं? कधीकधी ‘अनडू’ तिथंच शिल्लक असतं, ॲप बंद केलं की तेही जातं.

या उत्तरात आणखी एक गोष्ट आहे. काकांना करायला एक काम मिळालं. घाबरलेल्या माणसाला ‘शांत व्हा’ म्हटलं तर तो जास्त भडकतो. हातात एक सोपं काम दिलं तर आपोआप थोडा थांबतो. आणि दहा मिनिटं म्हटलीत तर दहाच मिनिटांत फोन करा. काही सापडलं नसलं तरी करा. “अजून बघतोय” एवढं सांगायला करा.

दुसरा फोन: चार प्रश्न

परत फोन कराल तेव्हा ‘तुम्ही काय दाबलं?’ असं विचारू नका. प्रश्न स्क्रीनबद्दल विचारा, माणसाबद्दल नाही.

एक, काय दिसेनासं झालं? दोन, शेवटचं कधी दिसलं होतं? तीन, त्यानंतर स्क्रीनवर काय काय आलं? चार, यातलं काही कोणाला पाठवलं होतं का?

चौथा प्रश्न आपल्याकडे सोन्यासारखा आहे. आपल्या गावात बॅकअप कोणी घेत नाही म्हणतात, पण घेतात. त्याचं नाव व्हॉट्सॲप. कोणीतरी यादीचा फोटो ग्रामसभेच्या ग्रुपवर टाकलेला असतो. स्कॅनची पीडीएफ सेवा केंद्रातल्या ताईला प्रिंटसाठी पाठवलेली असते. जबाबाचा व्हिडिओ ज्या पोराच्या फोनवर घेतला, त्याच्या गॅलरीत तो अजून पडून असतो.

मग कचऱ्याच्या डब्या तपासायच्या. गुगल ड्राइव्हमधून काढलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. गुगल फोटोजवर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस. आयफोनच्या गॅलरीत ३० दिवस. गुगल शीटमध्ये तर ‘आवृत्ती इतिहास’ असतो, कालची शीट कालसारखी उघडता येते. एक्सेल सेव्ह न करता बंद झालं असेल, तर त्यातही न जतन केलेल्या फाइली शोधायची सोय आहे.

हे सगळं करून नाही मिळालं, तर फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे, मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरीही आहे. नियम एकच. मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर परत टाकायच्या नाहीत, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढायच्या. नाहीतर आपण वाचवायला गेलो आणि आपणच नांगर घातला.

एक सावधगिरी. घाबरलेला माणूस ठगांना लगेच सापडतो. “तुमचा डेटा परत आणून देतो, हे स्क्रीन दाखवणारं ॲप टाका, ओटीपी सांगा,” असं कोणी म्हणालं तर काकांना आधीच सांगून ठेवा: नाही म्हणायचं. पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे.

२०१७ चा तो ओरडा, जगभर गाजलेला

आता थोडं बाहेर जाऊ. कारण काकांसारखा माणूस जगात एकटा नाही.

मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ कोड नावाचं सॉफ्टवेअर आहे. कोड लिहिणारे लाखो लोक वापरतात, तुमच्यातलेही वापरत असतील. २०१७ साली एका माणसानं ते नवीनच घेतलं आणि त्यात आपलं कामाचं फोल्डर उघडलं. तीन महिन्यांचं काम, सुमारे पाच हजार फाइली. त्या फाइलींची नोंद गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, कधीच झालेली नव्हती. सॉफ्टवेअरनं त्या सगळ्या ‘बदल’ म्हणून दाखवल्या. त्याला वाटलं, हे बदल या सॉफ्टवेअरनं काहीतरी केलेत, नको आपल्याला. त्यानं ‘सगळे बदल टाकून द्या’ असं निवडलं. इशारा आला, त्यानं होकार दिला. पाचही हजार फाइली गेल्या. रीसायकल बिनमध्येसुद्धा नाहीत.

त्यानं मोठ्या अक्षरांत, शिव्यांसकट तक्रार लिहिली. आणि मग काय झालं? शेकडो लोक जमा झाले. बऱ्याच जणांनी टर उडवली. बॅकअप का नाही ठेवला, इशारा वाचता येत नाही का, वगैरे. आपल्याकडे चौकात भांडण लागलं की बघे जसे गोळा होतात, तसंच.

पण काही लोकांनी वेगळा प्रश्न विचारला. ‘बदल टाकून द्या’ या शब्दांतून साध्या माणसाला ‘फाइली कायमच्या डिलीट करा’ असं कळतं का? इशारा होता हे खरं, हे परत फिरवता येणार नाही असंही त्यात होतं. पण काय परत फिरवता येणार नाही? बदल? का फाइली?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी शेवटी हाच मुद्दा धरला. इशाऱ्याचे शब्द बदलले. नोंद नसलेल्या फाइली असतील तर त्या डिलीट होतील, पुढं गेलात तर कायमच्या जातील, असं स्पष्ट लिहायला सुरुवात झाली. पुढच्या काळात तर अशा फाइली थेट नष्ट न करता आधी कचऱ्याच्या डब्यात टाकायची सोयही आली.

म्हणजे बघा, शिव्या देणारा माणूस चुकला होता, आणि बरोबरही होता. त्याच्या रागातून शिव्या गाळून टाकल्या तर खाली एक कामाची माहिती उरते: या जागी माणसाचा पाय घसरतो.

आपल्या मराठीतलं ‘रद्द करा’

आता तीच गोष्ट आपल्या मराठीत आणू, कारण आपल्याकडे ही घसरगुंडी आणखी गुळगुळीत आहे.

काकांच्या स्क्रीनवर काय आलं असेल, कल्पना करा. “यादी रद्द करायची आहे?” खाली दोन बटणं: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’.

आता सांगा, यादी वाचवायची असेल तर कोणतं दाबायचं?

ॲप बनवणाऱ्याच्या डोक्यात ‘रद्द करा’ म्हणजे ‘हे राहू दे, मागे जा’. पण काका वाचतात, ‘यादी रद्द करा’. ते म्हणतात, नको बाप्पा, यादी रद्द नाही करायची. म्हणून ते सुरक्षित वाटणारं ‘ठीक आहे’ दाबतात. आणि यादी जाते. माणूस काळजीपूर्वक वागला म्हणून फाइल उडाली!

यात भर म्हणजे भामरागड, एटापल्लीकडे कित्येकांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी. मराठी शाळेत शिकलेली. त्यावर इंग्रजीतून शब्दाला शब्द लावून आणलेली मराठी. मग म्हणायचं, वाचता येत नाही का?

उपाय अवघड नाही. बटणावर ‘होय’, ‘ठीक आहे’ लिहू नका, काय होणार ते लिहा: ‘१४२ नावं काढून टाका’ आणि ‘यादी राहू द्या’. आकडा दिसला की बोट थांबतं. काढून टाकायचं बटण आणि रोजचं बटण शेजारी ठेवू नका. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे विचारतच बसू नका, ३० दिवसांच्या डब्यात टाका आणि ‘परत आणा’ बटण द्या. दिवसात वीस वेळा चौकट आली की माणूस एकविसाव्या वेळी न वाचताच दाबतो. तुम्हीही दाबता, मीही दाबतो.

थोड्यांचा आवाज म्हणून सोडून देऊ नका

कधीकधी मात्र माणसानं काहीच दाबलेलं नसतं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चं मोठं अपडेट सोडलं, आवृत्ती १८०९. काही लोकांचे डॉक्युमेंट्स, फोटो गायब व्हायला लागले. ज्यांनी आपलं डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसऱ्या जागी हलवलं होतं, पण जुन्या जागीही काही फाइली राहिल्या होत्या, त्यांचं जुनं फोल्डर अपडेटनं साफ केलं होतं. काही दिवसांतच कंपनीला अपडेट थांबवावं लागलं. ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला. कंपनीच्या सांगण्यानुसार अशा तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या. पण ज्याच्या लग्नाचे फोटो गेले, त्याच्यासाठी तो आकडा शंभर टक्के असतो.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली, कंपनीनं फाइली गेलेल्या लोकांना सांगितलं की संगणक शक्य तितका कमी वापरा आणि आम्हाला फोन करा. म्हणजे आपलं ‘हात थांबवा’ तेच. दुसरी, अपडेट सगळ्यांसाठी येण्याआधीच चाचणी घेणाऱ्या काही लोकांनी तक्रार केली होती, पण ती इतर हजारो तक्रारींच्या ढिगात दबून राहिली. त्यानंतर तक्रार करताना ती किती गंभीर आहे हे सांगायची सोय ठेवण्यात आली.

म्हणून दादा, दहा जण म्हणाले ‘रंग आवडला नाही’ आणि एक जण म्हणाला ‘यादी गेली’, तर आधी त्या एकाचा फोन उचल.

चूक आपलीच निघाली तर?

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब नावाची कंपनी, जिथं जगभरचे लोक आपला कोड ठेवतात. रात्री उशिरा एक इंजिनिअर बिघाड दुरुस्त करत होता. दोन सर्व्हर होते, त्याला वाटलं आपण राखीव सर्व्हरवर आहोत, आणि डिलीटची आज्ञा दिली. होता मुख्य सर्व्हर. एक-दोन सेकंदात लक्षात आलं, थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या ज्या वेगवेगळ्या व्यवस्था होत्या त्या ऐन वेळी चालल्या नाहीत. नशीब म्हणून सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत मिळाली. कोड वाचला, पण मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या.

त्यांनी काय केलं? सगळं उघड केलं. काय चाललंय ते लोकांना दिसेल असं लिहीत राहिले, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतरच्या अहवालात त्या इंजिनिअरचं नाव टाकून त्याला बळीचा बकरा केलं नाही. एका माणसाच्या चुकीनं सगळं जाऊ शकतं, अशी व्यवस्था का होती, हा प्रश्न विचारला.

आपल्यालाही हेच जमू शकतं. चूक ॲपची असेल तर दादानं म्हणावं: “काका, ‘रीसेट’चं बटण चुकीच्या जागी होतं आणि त्यावरचे शब्द गोंधळात टाकणारे होते. ते माझं काम होतं. आज रात्री बदलतो.” बस. लांबलचक माफी नको. ‘तुमची गैरसोय झाली असल्यास’ असलं तर मुळीच नको. ‘असल्यास’ काय? झालीच आहे.

आणि खोटी आशाही नको. “शंभर टक्के परत येईल” म्हणू नका. “कार्डवरचे व्हिडिओ मिळायची शक्यता आहे, लॅपटॉपवरच्या यादीची कमी आहे, उद्या दुपारी बारापर्यंत नक्की सांगतो.” माणूस वाईट बातमी पचवतो. लटकत ठेवलेलं पचवत नाही.

जे परत येणार नाही त्याचं काय?

इथं बरेच जण फोन उचलणं बंद करतात. पण खरं काम इथंच सुरू होतं.

२१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, आणि फाइलींचे ढीगच्या ढीग जळाले. त्या फाइली पुन्हा उभ्या करायला इतर कार्यालयांमधल्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. म्हणजे गेलेली फाइल कधीकधी ‘परत आणता’ येत नाही, पण ‘पुन्हा उभी’ करता येते.

काकांसोबत बसा. पुडक्यांची यादी आणखी कुठं असेल? फळीवर हिशेब ठेवणाऱ्याच्या वहीत. पत्ता घेणाऱ्या खरेदीदाराकडे. तोडणाऱ्या बायांना विचारा, कित्येकींना आपले पुडके दिवसागणिक तोंडपाठ असतात. दाव्याचे कागद? दावा पुढं गेला असेल तर त्याची प्रत उपविभागीय समितीकडे असणार. आणि आजोबांचे जबाब? ते हयात असतील तर उद्याच सकाळी जा. गेलेल्या दहा गोष्टींमध्ये पुन्हा न मिळणारी कोणती, ती आधी, हा क्रम लावून द्या. चिडलेल्या माणसाला तुम्ही देऊ शकता अशी ही सगळ्यात मोठी मदत आहे.

एक मात्र करा. गावाला सांगायला काकांना एकट्याला पाठवू नका. ग्रामसभेत त्यांच्या शेजारी बसा. “यादी मशीनमधून गेली, तीन दिवसांत वहीवरून परत बनवतो” हे दोघांनी मिळून सांगितलं, की काकांच्या मानेवरचं अर्धं ओझं उतरतं.

आणि बॅकअपचं भाषण?

ते त्या दिवशी द्यायचं नाही. घर जळत असताना विहीर कुठं खणायला हवी होती, हे कोणी सांगत नाही. आठवड्यानं जा, चहा घ्या, आणि भाषणाऐवजी बॅकअप लावूनच द्या.

आपल्या भागाला साजेसा लावा. दिवसभर लाइट नसते, रेंज येते-जाते, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. तिथं ‘सगळं क्लाउडवर टाका’ म्हणणं सोपं आहे, चालणं अवघड. म्हणून तीन जागा: एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर जी सचिवांच्या घरी नाही तर दुसऱ्याच घरी राहील, आणि एक आठवडी बाजाराच्या दिवशी रेंज मिळाली की ड्राइव्हवर. शिवाय हंगामात रोज संध्याकाळी यादीचा एक फोटो ग्रुपवर. आणि महिन्यातून एकदा त्या पेन ड्राइव्हवरून एक फाइल खरंच उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली गोणी. गिटलॅबला विचारा.

तर मंडळी, पुढच्या वेळी फोन वाजला आणि पलीकडून “काय बनवून दिलं बे?” आलं, तर एक श्वास घ्या आणि क्रम आठवा. हात थांबवायला सांगा. दहा मिनिटांत परत फोन करा. चार प्रश्न विचारा. खरं तेवढंच सांगा. गेलेलं सोबत बसून उभं करा. मग बटण बदला.

तुमच्या मोबाइलमधल्या कुठल्या ॲपचं मराठी बटण तुम्हाला असंच गोंधळात टाकतं? स्क्रीनशॉट काढून पाठवा, पुढच्या एका भागात त्यातली निवडक बटणं घेऊन बसू. आणि हो, हा भाग संपला की यूट्यूब उघडायच्या आधी, तुमची सगळ्यात महत्त्वाची एक फाइल कोणाला तरी पाठवून ठेवा. चला, भेटू.